वस्तूचा किंवा सेवेचा वॉटर फूटप्रिंट मोजायचा कसा? पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

वस्तू किंवा सेवा तयार होताना सगळ्या साखळीत खर्ची पडलेलं आणि प्रदूषित झालेलं पाणी म्हणजे तिचा वॉटर फूटप्रिंट. तो मोजायला बसलेला नवखा माणूस पहिली चूक पाण्याच्या बिलापाशीच करतो. वर्षभराची बिलं जमवली, एकूण पाण्याला एकूण उत्पादनाने भागलं, झाला आकडा तयार. हा आकडा निव्वळ पाणीवापराचा असतो. मीटरमधून आत आलेल्या पाण्यापैकी बरंचसं सांडपाणी होऊन त्याच नदीखोऱ्यात परत जातं, आणि फूटप्रिंटमध्ये मोजायचं असतं ते परत न आलेलं पाणी. शिवाय वस्तूत शेतमाल असेल तर बहुतेक पाणी तुमच्या मीटरवरून कधी गेलेलंच नसतं. ते कधीच शेतात पिकाच्या पानांतून हवेत उडून गेलेलं असतं. जगभरातल्या माणसांच्या एकूण वॉटर फूटप्रिंटमध्ये सुमारे ९२ टक्के वाटा शेतीउत्पादनांचा आहे, हे लक्षात घेतलं की बिलांपासून सुरुवात का करू नये ते कळतं.

खाली सगळी वाट क्रमाने दिली आहे. उदाहरणाला एक सुती टी-शर्ट घेतला आहे. त्यातले आकडे हिशेब दाखवण्यासाठी धरलेले आहेत. उचलून स्वतःच्या अहवालात टाकू नका.

सुरुवातीला तीन रंग

हिरवं पाणी म्हणजे मातीत मुरून राहिलेलं पावसाचं पाणी, जे पीक शोषून हवेत सोडतं. निळं पाणी म्हणजे नदी, तलाव किंवा भूजलातून उचललेलं आणि परत न आलेलं पाणी. ‘परत न येणं’ चार प्रकारांनी घडतं: वाफ होऊन उडालं, मालातच राहिलं, दुसऱ्या खोऱ्यात किंवा समुद्रात सोडलं गेलं, किंवा टंचाईच्या दिवसांत उचलून भर पावसाळ्यात परत सोडलं. चौथा प्रकार बहुतेकजण विसरतात. करडं पाणी हे प्रत्यक्षात कुठे वाहत नसतं. तुम्ही सोडलेलं प्रदूषण पाण्याच्या दर्जाच्या मर्यादेत येईपर्यंत विरळ करायला जेवढं स्वच्छ पाणी लागेल, तेवढं ते.

नावाचा एक घोळ इथेच सोडवून टाका. बांधकामवाले आणि प्लंबर ‘ग्रे वॉटर’ म्हणतात ते न्हाणीघराचं, बेसिनचं सांडपाणी. त्याचा या करड्या पाण्याशी काहीही संबंध नाही. माहिती मागवताना समोरच्याला हे सांगितलं नाही, तर तो इमानदारीने बेसिनच्या पाण्याचे आकडे पाठवून देतो.

१. कोणत्या पद्धतीने मोजणार ते ठरवा

दोन घराणी आहेत. पहिलं डच जलतज्ज्ञ आर्यन हुकस्ट्रा यांनी २००२ साली मांडलेल्या कल्पनेतून आलेलं. त्यावर काम करणारं वॉटर फूटप्रिंट नेटवर्क २००८ मध्ये उभं राहिलं आणि २०११ मध्ये त्यांची सविस्तर मार्गदर्शिका आली. यात उत्तर घनफळात येतं: इतके लिटर हिरवं, इतके निळं, इतके करडं.

दुसरं आयएसओ १४०४६, २०१४ सालचं आंतरराष्ट्रीय मानक. हे जीवनचक्र मूल्यांकनाच्या, म्हणजे एलसीएच्या कुळातलं. त्याचे चार टप्पे आहेत: उद्देश आणि व्याप्ती, पाण्याची यादी, परिणामांचं मूल्यांकन, अर्थ लावणं. या मानकाप्रमाणे नुसते लिटर ही फक्त ‘यादी’ झाली, तिला वॉटर फूटप्रिंट म्हणता येत नाही. त्या लिटरांमुळे टंचाईवर किंवा पाण्याच्या दर्जावर काय परिणाम झाला, ते काढावं लागतं.

ग्राहकाने किंवा प्रमाणन संस्थेने आयएसओ मागितलं असेल तर निवड उरतच नाही. तसं नसेल तर माझं मत सरळ आहे: माहिती एकदाच, पण प्रत्येक नोंदीला रंग, ठिकाण आणि महिना लावून गोळा करा. त्याच यादीतून दोन्ही उत्तरं काढता येतात. वर्षाची बेरीज करून ठेवलेल्या यादीतून एकही धड निघत नाही.

२. एकक आणि सीमा लिहून काढा

‘टी-शर्टचा फूटप्रिंट’ हे वाक्य अर्धवट आहे. ‘२०० ग्रॅम वजनाचा, रंगवलेला, सुती टी-शर्ट, कारखान्याच्या फाटकापर्यंत’ असं लिहिलं की एकक पक्कं झालं. वापरही धरायचा असेल तर ‘अमुक वेळा धुऊन वापरलेला’ असं जोडा. सेवेच्या बाबतीत तर एकक म्हणजे अर्धं काम: लाँड्रीसाठी एक किलो सुके कपडे, हॉटेलसाठी एका खोलीची एक रात्र, कँटीनसाठी एक जेवण, डेटा सेंटरसाठी संगणकांनी वापरलेली एक युनिट वीज.

सीमेत काय घेतलं आणि काय वगळलं, दोन्ही लिहा. इमारतीचं बांधकाम, यंत्रसामग्री, कामगारांचा प्रवास हे सहसा वगळतात आणि त्यात वावगं काही नाही. मात्र ‘वजनात एक टक्क्याहून कमी, म्हणून वगळलं’ हा नियम डोळे मिटून लावू नका. वजनाने नगण्य असलेल्या रंगद्रव्यांतून किंवा शेतमालापासून काढलेल्या एखाद्या अर्कातून पाण्याचा मोठा आकडा निघू शकतो.

३. ही कागदपत्रं हाताशी ठेवा

- कच्च्या मालाची पूर्ण यादी, प्रत्येकाचं वजन आणि उगम. देश पुरेसा नाही. जिल्हा किंवा नदीखोरं हवं.
- शेतमाल असेल तर पेरणी आणि काढणीच्या तारखा, हेक्टरी उत्पन्न, सिंचन आहे की नाही, खतांचं प्रमाण.
- त्या भागाचं पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा आणि सूर्यप्रकाश यांचं मासिक हवामान.
- कारखान्यातल्या सगळ्या मीटरांची निदान १२ महिन्यांची मासिक वाचनं. बोअरवेल आणि टँकर धरून.
- सांडपाण्याचं प्रमाण, ते कुठे सोडलं जातं, आणि प्रयोगशाळेचे अहवाल. आत येणाऱ्या पाण्याचे अहवालसुद्धा. हे मागायला हमखास राहतं.
- वीज आणि इंधनाची बिलं.
- मुख्य उत्पादन आणि उपउत्पादनांचं वजन व विक्रीचा भाव. भाव एका महिन्याचा नको, तीन-पाच वर्षांची सरासरी घ्या.

साधनं म्हणाल तर एक स्प्रेडशीट आणि अन्न व कृषी संघटनेचं ‘क्रॉपवॉट’ हे मोफत सॉफ्टवेअर. हवामानाची माहिती मिळत नसेल तर त्याच संघटनेचा ‘क्लिमवॉट’ हा हवामान केंद्रांचा संच क्रॉपवॉटमध्ये थेट उघडतो.

४. साखळीचं चित्र काढा

शेत, जिनिंग, सूतगिरणी, विणकाम, रंगाई, शिलाई. प्रत्येक चौकोनात आत काय येतं, बाहेर काय जातं ते किलोमध्ये लिहा. मग जागतिक सरासरीचे तयार आकडे वापरून एक ढोबळ फेरी मारा. मेसफिन मेकोनन आणि हुकस्ट्रा यांचे पीकवार आकडे यासाठी सोयीचे आहेत: गहू किलोला सुमारे १,८०० लिटर, पॉलिश केलेला तांदूळ सुमारे २,५००, सुती कापड सुमारे १०,०००. ते १९९६ ते २००५ या काळाचे आहेत, त्यामुळे शेवटच्या अहवालात ते तसेच ठेवणं बरं नाही. पण वेळ कुठे घालवायचा हे त्यांवरून लगेच दिसतं. टी-शर्टच्या बाबतीत उत्तर ठरलेलं: शेत.

५. पिकाचं पाणी काढा

खरा आकडा इथे घडतो. तेव्हा इथे घाई नको.

पिकाची पाण्याची गरज म्हणजे संदर्भ बाष्पोत्सर्जन गुणिले पीक गुणांक. संदर्भ बाष्पोत्सर्जन, म्हणजे त्या हवामानात ठरावीक गवताच्या शेतातून उडणारं पाणी, पेनमन-मॉन्टीथ सूत्राने निघतं. पीक गुणांक, म्हणजे आपलं पीक त्या गवताच्या किती पट पाणी उडवतं ते आकडे, अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या सिंचन पुस्तिकेत आहेत. दोन्ही कामं क्रॉपवॉट करतं. तुम्ही फक्त पेरणीची तारीख आणि वाढीच्या चार टप्प्यांचे दिवस तपासा. सॉफ्टवेअरमधली आयती पीक-फाइल दुसऱ्याच हवामानातली असू शकते, आणि पेरणी महिनाभर इकडेतिकडे झाली की हिरव्या-निळ्याची वाटणी पार बदलते.

पडलेला सगळा पाऊस पिकाला मिळत नाही. उपयोगी पाऊस वेगळा काढावा लागतो. क्रॉपवॉटमधली नेहमीची पद्धत अमेरिकी मृदा संधारण सेवेची आहे. महिन्याला २५० मिमीपर्यंत पाऊस असेल तर १२५ मधून पावसाचा ०.२ पट वजा करायचा, त्याला पावसाने गुणायचं आणि १२५ ने भागायचं. महिन्यात १०० मिमी पडला तर उपयोगी ८४ मिमी. २५० च्या वर गेला की उपयोगी पाऊस १२५ अधिक पावसाचा दहावा भाग. म्हणजे ३०० मिमीपैकी १५५. हे सूत्र महिन्याचं आहे. दहा दिवसांच्या पावसाला तेच लावलं तर उत्तर फुगतं. दहा दिवसांसाठी ०.२ च्या जागी ०.६ येतो, आणि २५० ची मर्यादाही तिसऱ्या हिश्श्यावर येते.

आता रंग वेगळे करा. दर दहा दिवसांच्या खंडात पिकाची गरज आणि उपयोगी पाऊस यांतला लहान आकडा हिरवा. गरज पावसाहून जास्त असेल तर वरचा फरक निळा, नाहीतर निळा शून्य. सोपं वाटतं, पण नेमकं इथेच घसरायला होतं. दोन खंड पाहा:

पहिला खंड: गरज ५५ मिमी, उपयोगी पाऊस ७०. हिरवं ५५, निळं ०.
दुसरा खंड: गरज ६० मिमी, उपयोगी पाऊस २०. हिरवं २०, निळं ४०.

बेरीज: हिरवं ७५, निळं ४०. हेच आधी बेरीज करून काढलं, तर गरज ११५, पाऊस ९०, म्हणून हिरवं ९० आणि निळं २५. पहिल्या खंडातला जादाचा पाऊस दुसऱ्या खंडात पिकाला पुरला असं तुम्ही नकळत धरून चाललात. मातीत काही ओल टिकते हे खरं. ती धरायची असेल तर क्रॉपवॉटमधला सिंचन-वेळापत्रकाचा पर्याय वापरा, तो मातीतल्या ओलाव्याचा रोजचा ताळा ठेवतो. हंगामाची बेरीज मात्र कधीच आधी करू नका.

कोरडवाहू पिकाला निळं पाणी शून्यच. गरज आणि पाऊस यांतला फरक तिथे निळा धरायचा नाही; ते पाणी पिकाला मिळालेलंच नसतं, ते तहानलेलं राहिलं आणि उत्पन्न घटलं.

आता एकक बदला. एक मिमी पाणी एका हेक्टरवर पसरलं की १० घनमीटर होतं. आपल्या कापसाला हंगामात हिरवं ४२० मिमी आणि निळं १८० मिमी लागलं असं धरू. म्हणजे हेक्टरी ४,२०० आणि १,८०० घनमीटर. उत्पन्न हेक्टरी २ टन सरकीसह कापूस. भागाकार केला की टनाला २,१०० घनमीटर हिरवं आणि ९०० निळं. टनाला घनमीटर आणि किलोला लिटर हा आकडा एकच असतो, त्यामुळे पुढे रूपांतराची कटकट नाही.

शेतकऱ्याने पंपाने हेक्टरी ४,००० घनमीटर दिलं असेल तर? तरी निळं १,८०० च्या आसपासच. उरलेल्यातलं बरंचसं पाणी झिरपून भूजलात किंवा ओढ्याला परत जातं. पाटातून आणि उघड्या मातीवरून उडालेलं पाणी माहीत असेल तर ते मात्र वर जोडा.

६. मुख्य माल आणि उपउत्पादन यांत वाटणी करा

जिनिंगमध्ये एक टन सरकीसह कापसातून रुई निघते ०.३५ टन, बाकी बहुतेक सरकी. रुईने सगळं पाणी का सोसावं? म्हणून दोन अपूर्णांक लागतात. वजनाचा अपूर्णांक ०.३५. किमतीचा अपूर्णांक, म्हणजे एकूण विक्रीत रुईचा वाटा, ०.८२ धरू. आधी ०.३५ ने भागायचं, मग ०.८२ ने गुणायचं.

हिरवं: २,१०० भागिले ०.३५ गुणिले ०.८२, म्हणजे किलोला ४,९२० लिटर. निळं त्याच रीतीने सुमारे २,१०९.

आयएसओच्या वाटेने जाताना क्रम थोडा वेगळा असतो. शक्य असेल तर प्रक्रिया वेगळ्या करून वाटणीच टाळायची, नाही जमलं तर वजनासारखं भौतिक नातं पाहायचं, किंमत शेवटी. वजनाने वाटलं तर सरकीला बहुतांश पाणी जातं आणि टी-शर्ट एकदम ‘पाणी वाचवणारा’ होतो. पद्धत कोणती घेतली ते ठळक लिहा, आणि उत्तर आवडलं नाही म्हणून मध्येच बदलू नका.

टाकाऊ मालाला पाणी लावत नाहीत. तो टाकाऊ माल विकला जाऊ लागला की तो टाकाऊ राहत नाही, हे पुरवठादाराला विचारून घ्या.

२०० ग्रॅमच्या टी-शर्टला कातण्यातली, विणण्यातली आणि कापण्यातली घट धरून २५० ग्रॅम रुई लागते असं धरू. हिरवं १,२३० लिटर, निळं ५२७ लिटर.

७. कारखान्यातलं निळं पाणी

आत आलेलं पाणी बरोबर बाहेर सोडलेलं अधिक उडालेलं अधिक मालात राहिलेलं. हा ताळा महिन्यागणिक मांडा. पाच-दहा टक्के फरक चालतो. त्याहून मोठा असेल तर एखादा मीटर बंद आहे, टँकरची नोंद नाही, किंवा गळती आहे. गळती जमिनीत मुरत असेल तर ती निळ्यात येत नाही. पैसे वाया जातात, पण फूटप्रिंट वाढत नाही.

सर्वांत जास्त पाणी उडतं ते कूलिंग टॉवरमधून, आणि नेमकं तिथल्या ब्लोडाऊनला, म्हणजे क्षार साठू नयेत म्हणून टॉवरमधून काढून टाकायच्या पाण्याला, मीटर नसतो. उपाय सोपा आहे. वाहकता मोजायचं हातात मावणारं यंत्र घ्या. भरणीच्या, म्हणजे टॉवरमध्ये नव्याने ओतायच्या पाण्याची वाहकता ३०० आणि टॉवरमधल्या पाण्याची १,५०० मायक्रोसीमेन्स आली, तर क्षार पाचपट साठलेत. म्हणजे भरणीच्या पाण्याचा पाचवा भाग ब्लोडाऊनला जातो. रोजची भरणी २० घनमीटर असेल तर ब्लोडाऊन ४, उडालेलं १६. पडताळणी हवी तर उष्णतेवरून करा: ताशी १०० घनमीटर पाणी फिरून ५ अंशांनी थंड होत असेल, तर ताशी साधारण ०.८ घनमीटर उडतं. २० तास चाललं की १६. दोन्ही उत्तरं जवळ आली की निर्धास्त व्हा. फार फरक पडला तर आधी मीटरपूर्वीची तोटी आणि टाकीचा ओव्हरफ्लो बघा.

पुनर्वापराबद्दल एक कटू गोष्ट. पाणी फिरवून वापरलं की उचललेलं पाणी घटतं, निळा फूटप्रिंट घटेलच असं नाही. सांडपाणी आटवून ‘शून्य विसर्ग’ साधणाऱ्या कारखान्यात तर, आधी नदीला परत जाणारं पाणी आता बाष्पकातून हवेत जातं. करडा शून्यावर येतो, पण निळा वाढतो. दोन्ही आकडे शेजारी दाखवा.

आपल्या रंगाईखान्याला किलोमागे ८० लिटर लागतात, त्यातले ७२ बाहेर जातात. टी-शर्टला आत १६ लिटर, बाहेर १४.४, निळं फक्त १.६ लिटर. शेतातल्या ५२७ शेजारी ठेवून बघा.

विजेचं पाणी विसरू नका. कूलिंग टॉवर असलेल्या कोळशाच्या वीजकेंद्रात युनिटमागे साधारण २.५ लिटर उडतं. एकदाच पाणी फिरवून नदीत सोडणारं केंद्र युनिटमागे शंभर लिटरहून जास्त पाणी उचलतं, पण उडतं सुमारे एक लिटर. म्हणून वीजकेंद्राचा आकडा घेताना तो उचललेल्या पाण्याचा आहे की उडालेल्या, हे दोनदा तपासा. टी-शर्टला एकूण ३ युनिट धरले तर ७.५ लिटर. जलविद्युत असेल तर धरणातलं बाष्पीभवन कुणाच्या माथी मारायचं यावर एकमत नाही. धरण सिंचनासाठीही असेल तर वाटणी करा आणि गृहीतक लिहा.

८. करडं पाणी

सूत्र लहान आहे: प्रदूषकाचं वजन भागिले दर्जाची मर्यादा वजा नैसर्गिक प्रमाण. खोच मर्यादेत आहे. ती ज्या नदीत किंवा भूजलात प्रदूषण जातं तिथल्या पाण्याच्या दर्जाची हवी, सांडपाणी सोडण्याच्या परवान्यातली नको. ‘आमचं सांडपाणी परवान्याच्या आत आहे, म्हणून करडं शून्य’ असं लिहिलेले अहवाल बरेच दिसतात. ते चूक आहेत.

शेतातलं आधी. हेक्टरी १२० किलो नत्र दिलं. त्यातलं १० टक्के पाण्यात जातं हे प्राथमिक पातळीवरचं प्रचलित गृहीतक, म्हणजे १२ किलो. मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र, नैसर्गिक प्रमाण ०.४. फरक ९.६ मिलिग्रॅम, म्हणजे घनमीटरला ०.००९६ किलो. भागाकार १,२५० घनमीटर. दोन टनांवर वाटलं की टनाला ६२५, रुईच्या किलोला सुमारे १,४६४ लिटर, टी-शर्टला ३६६ लिटर. इथला सापळा एककाचा: काही मानकांत मर्यादा ‘नायट्रेट’ म्हणून असते, काहींत ‘नायट्रेटमधलं नत्र’ म्हणून. दोघांत सुमारे ४.४ पट फरक आहे.

आता रंगाईखाना. बाहेर १४.४ लिटर, त्यात सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाईल त्यावरून काढलेलं प्रदूषणाचं माप) लिटरला २०० मिलिग्रॅम: एकूण २,८८०. आत घेतलेल्या १६ लिटर पाण्यातच १० मिलिग्रॅम होता, ते १६० वजा करा. उरले २,७२०. नदीची मर्यादा ३०, नैसर्गिक १०, फरक २०. करडं १३६ लिटर. म्हणजे दीड लिटर निळ्याचा रंगाईखाना १३६ लिटर करडं घेऊन बसला आहे. सुधारणा कुठे हवी ते वेगळं सांगायला नको.

एकाच सांडपाण्यात सीओडी, क्षार, क्रोमियम असं बरंच काही असेल तर प्रत्येकाचं करडं काढा आणि सर्वांत मोठं तेवढं घ्या. बेरीज करायची नाही; एका प्रदूषकाला विरळ करणारं पाणी बाकीच्यांनाही विरळ करतंच.

९. सेवा असेल तर

कृती तीच, पण वजन वेगळीकडे पडतं. कँटीनमध्ये नळाचं पाणी गौण. ताटात काय आहे त्यावर सगळं ठरतं. जागतिक सरासरीने बटाटा किलोला सुमारे २९० लिटर, गोमांस सुमारे १५,४००, आणि त्या १५,४०० मधलं ९० टक्क्यांहून जास्त हिरवं. लाँड्रीत पाणी भरपूर लागतं, पण बहुतेक गटारात जातं. निळं उरतं ते ड्रायरमधून उडालेलं आणि विजेचं, करडं डिटर्जंटचं. सांडपाणी समुद्रात जात असेल तर मात्र जवळजवळ सगळं वापरलेलं पाणी निळं होतं. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे हिशेब याच एका प्रश्नावर फिरतात.

डेटा सेंटरवाले ‘डब्ल्यूयूई’ नावाचा निर्देशांक देतात: वर्षभरात जागेवर लागलेलं पाणी भागिले संगणकांनी वापरलेली वीज, युनिटला लिटरमध्ये. ग्रीन ग्रिड संस्थेने तो २०११ मध्ये आणला. त्यात बाहेरून आलेल्या विजेचं पाणी धरलेलं नसतं. ते वेगळं जोडा.

१०. टंचाईचं वजन लावा

टी-शर्टची बेरीज: हिरवं १,२३०, निळं ५३६, करडं ५०२. एकूण सुमारे २,३०० लिटर. २,२६८ असं लिहू नका. इतकी अचूकता या हिशेबात नाही.

हे ५३६ लिटर कुठून गेले? आयएसओच्या वाटेत त्यासाठी ‘अवेअर’ पद्धत सर्रास वापरतात. ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. माणसांची आणि निसर्गाची गरज भागल्यावर त्या खोऱ्यात दर चौरस मीटरला किती पाणी उरतं, त्याची जगाच्या सरासरीशी तुलना करून ती गुणांक देते. गुणांक ०.१ ते १०० या पट्ट्यात असतो आणि तो निळ्या पाण्यालाच लावायचा. कापसाच्या खोऱ्याला २०, रंगाईखान्याच्या खोऱ्याला ६०, वीजकेंद्राच्या खोऱ्याला ३० धरला तर: १०,५४० अधिक ९६ अधिक २२५, म्हणजे १०,८६१ लिटर जागतिक-समतुल्य. तोच कापूस ०.५ गुणांकाच्या खोऱ्यातून आणला तर सगळा टी-शर्ट ५८५ वर येतो. लिटर तेवढेच, भार अठरापट कमी.

महिन्याचा गुणांक मिळत असेल तर तोच घ्या. वार्षिक घ्यायची वेळ आली तर शेतीचा आणि बिगरशेतीचा सरासरी गुणांक वेगवेगळा आहे, अदलाबदल होऊ देऊ नका. देशाचा एकच गुणांक मोठ्या देशात काहीच सांगत नाही. असा हिशेब फक्त टंचाईपुरता असेल तर त्याला ‘पाणीटंचाई फूटप्रिंट’ म्हणा. प्रदूषणाचे परिणाम काढल्याशिवाय नुसतं ‘वॉटर फूटप्रिंट’ हे नाव आयएसओत चालत नाही.

११. आकडे हलवून पाहा, मग लिहा

एकेक गृहीतक बदलून पाहा. कापसाचं उत्पन्न हेक्टरी २ वरून १.६ टनांवर आणलं, तर रुईचं तिन्ही रंगांचं पाणी २,१२३ वरून सुमारे २,६५० लिटरवर जातं. नत्र वाहून जाण्याचं प्रमाण १० ऐवजी १५ टक्के धरलं, तर शेतातलं करडं ३६६ वरून ५४९. रंगाईखान्याने पाणी आणि बाष्पीभवन दोन्ही निम्मं केलं, पण रंगाईत भर पडलेलं सीओडी (ते २,७२०) तेवढंच राहिलं, तर एकूण आकडा जेमतेम एक लिटरने हलतो.

अहवालात तिन्ही रंग वेगळे, एकूण बेरीज असल्यास त्यांच्याखाली. सोबत एकक, सीमा, काळ, खोरी, वाटणीची पद्धत, गुणांकांची आवृत्ती, आणि कोणता आकडा मोजलेला, कोणता डेटाबेसमधला, कोणता अंदाजाचा याचा रकाना. दुसऱ्याच्या मालापेक्षा आपला बरा असं जाहीर करायचं असेल तर आधी स्वतंत्र तज्ज्ञांकडून समीक्षा करून घ्या. आणि तुलना करताना दोन्ही बाजूंचा रंग, सीमा आणि वाटणी एकच आहे ना, हे स्वतः बघा. हिरवं धरलेला एक आकडा आणि हिरवं वगळलेला दुसरा शेजारी मांडला जाणं फार सहज घडतं.